निळ्या दाराचं घर

अंधेरी स्टेशनबाहेरच्या एका ड्रायव्हरची टॅक्सी मी नेहमी घ्यायचो. काहीही विचारलं की तो काच पुसत "बघू ना" म्हणायचा. त्या जुलैत कोकणच्या ओस किनाऱ्याचे फोटो काढायला त्यालाच घेऊन गेलो. मी कॅमेरा उचलला की तो तोंड फिरवायचा.

एका गावाबाहेर त्याने गाडी थांबवली. "साहेब, पुढे निळ्या दाराचं घर आहे. फोटो काढा. बाई दिसली तर तीपण येऊ द्या."

"तूही चल."

"नको."

बाई अंगणातच होती. फोटोसाठी लाजून हसली.

मुंबईत आल्यावर मी त्याला तो फोटो दिला. त्याने बराच वेळ पाहिला. "अजून तिथेच राहते तर," तो हळूच म्हणाला.

ती तिथे आहे हे मीच त्याला कळवलं होतं. मी फोटो परत मागितला. त्याने तो खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.