दूध कट्ट्यावर साखरेचं धोरण

"आर्थिक धोरणावर मराठीत अर्धा तास कोण ऐकणार?" दिल्लीतल्या आमच्या संपादकांचा हा प्रश्न माझ्या डोक्यात असा गेला, की तिथल्या तिथे मी कोल्हापूरचं तिकीट काढलं. पॉडकास्टचा एक भाग रेकॉर्ड करून आणायचा. लोकांनी ऐकला तर मराठी कार्यक्रम सुरू, नाहीतर मी मुकाट्याने इंग्रजी डेस्कवर.

पुण्यापर्यंत विमान, पुढे एसटी. महामार्गाचं काम चालू आहे, वळसे फार. पोहोचायच्या वेळेचा कुणाला शब्द देऊ नका. माझी सुरुवात कोल्हापुरातल्याच एका दैनिकात झाली, गुळाच्या सौद्यांच्या बातम्यांपासून. मार्केट यार्डात गुळाचा खडा चघळताना मला पहिल्यांदा कळलं, की दिल्लीतल्या एका निर्णयाने इथला भाव हलतो. ते निर्णय जवळून बघायला पुणे, मुंबई करत दिल्ली गाठली. अर्थसंकल्प, व्याजदर, आयात-निर्यात, सगळ्यावर लिहिलं, पण इंग्रजीत. मी काय करते असं आमच्या गावात, गडमुडशिंगीत, कुणी विचारलं, की आई एवढंच सांगायची, "पेपरात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबा तलावावर चक्कर आणि मग मिसळ. जादा कट मागण्याआधी एक घास खाऊन बघा. दिल्लीत मवाळलेल्या माझ्या जिभेने डोळ्यांतून पाणी काढलं.

संध्याकाळी आईला घेऊन गंगावेशीतला दूध कट्टा गाठला. इथे म्हशी समोरच उभ्या असतात, धार थेट ग्लासात पडते आणि ते फेसाळ, कोमट दूध उभ्या उभ्या प्यायचं. ग्लास रिकामा केला, माइक काढला आणि साखरेच्या निर्यातबंदीवर बोलायला लागले.

"कुठल्या पॅनेलकडनं उभ्या ऱ्हायलाय?" मिशीला फेस लागलेल्या एका गड्याने विचारलं. माइक धरून साखरेवर बोलतंय म्हणजे कारखान्याच्या निवडणुकीचा उमेदवारच, दुसरं कोण!

"कुठल्याच नाही. पत्रकार आहे."

"मग बोला की पावणं! पर त्ये 'देशांतर्गत उपलब्धता' न्हाय कळत आमास्नी."

दिल्लीहून घोकून आणलेलं भाषण तिथेच संपलं. मी घरच्या बोलीवर आले. "साखर भाईर जाऊ दिली तर कारखान्याला दर घावतो, उसाला बी घावंल. पर हितं साखर म्हागती. सरकारनं कुनाचं बगायचं?"

झालं! कागलचा एक ऊसवाला उसळला, "आमच्या घामाला दर नको व्हय?" शेजारचा पेढेवाला कशाला गप्प बसतोय! "आनी माझ्या गिऱ्हाइकानं काय करायचं?" माइक या हातातून त्या हातात फिरत राहिला. दूध पिऊन झालेलेही जागचे हलेनात. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. दिल्लीतल्या एकाही चर्चासत्रात असा जिवंत वाद मी ऐकला नव्हता. तिथेच नाचावंसं वाटत होतं मला!

दिल्लीत संपादकांनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "दर आठवड्याला हवंय." मी ऑफिसभर पेढे वाटले. इतकी वर्षं मोठमोठ्या मथळ्यांखाली नाव छापून आलं, पण हा आनंद वेगळाच होता. तेवढ्यात आईचा फोन.

"अगं, शेजारच्या मालूला मी ती निर्यातबंदी समजावून सांगितली."

"मग, पटलं तिला?"

"कुठलं! तासभर भांडली की माझ्यासंगं!"