सूचकाची सही

आमच्या शेजाऱ्यांची सही म्हणजे एक कार्यक्रम असायचा. आधी चष्मा पुसायचे, मग खिशातलं शाईपेन काढायचे, नाव लिहून झालं की खाली रेघ ओढून दोन टिंबं द्यायचे आणि कागदावर हळूच फुंकर मारायचे. गल्लीत कुणालाही साक्षीदार लागला की त्यांच्याकडंच जायचं. "वाचल्याबिगार आपली सही न्हाय," म्हणून सगळा कागद वाचायचे.

माझी बायको ग्रामपंचायतीला उभी राहिली, तेव्हा तेच सूचक झाले. सूचक त्याच प्रभागातला मतदार लागतो, आणि त्याची सही खोटी ठरली तर अर्ज बाद. "वैनी, बिनघोर ऱ्हावा," म्हणाले.

छाननीला समोरच्या पार्टीनं सहीवरच हरकत घेतली. अधिकाऱ्यानं शेजाऱ्यांना पुढं बोलावून अर्ज दाखवला. "ही सही तुमचीच का?"

त्यांनी चष्मा पुसला. त्या रेघेकडं, दोन टिंबांकडं बराच वेळ बघितलं.

"न्हाय. माझी न्हवं."

अर्ज बाद झाला. नवा भरायची मुदत संपली होती. समोरची बाई बिनविरोध आली. तिच्या नवऱ्याची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे आणि शेजाऱ्यांचा मुलगा तिथंच कामाला आहे. हे मला ठाऊक होतं, म्हणून भांडायलाही गेलो नाही.

परवा दूध संस्थेच्या सभेत हजेरीचं रजिस्टर फिरत त्यांच्यापुढं आलं. मी बाजूलाच बसलो होतो. त्यांच्या खिशाला पेन नव्हतं. मी माझं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. शाईचा पॅड मागितला आणि अंगठा उठवला.