चार लिफ्टांचं गाव

"कुंकू पुसा! अहो, आधी ते कुंकू पुसा!"

गच्चीवरून ही आरोळी आली तेव्हा खंडेनवमीची सकाळ होती आणि आमच्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यात सात-आठ सवाष्णी नव्या साड्या नेसून उभ्या होत्या. आता तुम्हीच विचार करा. सणाचा दिवस, अंबाजोगाईसारखं देवीचं गाव, आणि एक परका माणूस चार मजले दणाणतील अशा आवाजात बायकांना कुंकू पुसायला सांगतोय. त्या आवाजानं योगेश्वरीच्या कळसावरची कबुतरं उडाली ती थेट परळीला जाऊन टेकली, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच. पण मी हे इतक्या वेळा म्हटलंय की आता लोकही म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या मावशींनी दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. "कोण हाय बे हा मेला? सणासुदीचं काय वंगाळ बोलतोय?"

मेला धडाधडा जिना उतरून आला. पन्नाशीचा, किडकिडीत, खिशाला टेस्टर लावलेला. त्यानं कुणाकडंही न बघता खिशातला रुमाल काढला आणि लिफ्टच्या दाराच्या कडेला, आतल्या बाजूला, नखाएवढ्या काचेवर लावलेलं हळदकुंकू पुसलं. दार गप मिटलं. सकाळपासून ते नुसतं उघडझाप करत होतं आणि लिफ्ट जागची हलत नव्हती.

"हा तिचा डोळा आहे," तो म्हणाला. "दारात माणूस उभा आहे का ते ह्यानं दिसतं. तुम्ही डोळ्यातच कुंकू भरलंत. तिला वाटतंय दारात कुणीतरी उभंच आहे."

"मग पूजा करायची न्हाई का? मशीन हाय ना ती?" मावशी काही हटल्या नाहीत. "माझ्या शिलाई मशीनला लावलं, ती तर चालू हाय!"

मग त्यानं काचेच्या वर चार बोटं मोजून जागा दाखवली. "इथं लावा. इथं कपाळ आहे." आणि मावशींनी लावलंही. त्या दिवसापासून गावानं त्याला लिफ्टवाले म्हणायला सुरुवात केली. त्याला एक चांगलं नावही होतं, पण ते फक्त त्याच्या आधार कार्डाला माहीत होतं.

कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर माझं बल्ब-वायर-फ्यूजचं दुकान आहे, म्हणून हा माणूस माझ्या वाट्याला आला. सव्वीस वर्षं पुण्यात लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. बायको नर्स. तिला इथल्या दवाखान्यात कायमची जागा मिळाली आणि हा नोकरी सोडून तिच्यामागं आला. आमच्याकडं बायको नवऱ्यामागं जाते. नवरा बायकोमागं आलेला गावानं पहिल्यांदाच पाहिला. पहिले आठ दिवस लोक काही ना काही निमित्तानं माझ्या दुकानात येऊन त्याला न्याहाळून जात. त्या आठवड्यात माझे बल्ब इतके खपले की निम्मं गाव दिवसासुद्धा उजेडात होतं.

आणि लिफ्टा किती? बाहेरगावच्यांना मी चौदा सांगतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू. चार. सरकारी लिफ्टांना सरकारी माणसं आहेत, त्या सोडा. आमच्या कॉम्प्लेक्सची एक, लॉजची एक, कापड दुकानाची एक आणि मंगल कार्यालयाची एक. त्यातल्या मंगल कार्यालयाच्या लिफ्टमध्ये खुर्च्या ठेवत. आमची इतकी हळू होती की खाली बसलेला उमेदवार वर पोचेपर्यंत निवडणूक होऊन जायची. लिफ्टवाल्यांनी दोन महिन्यांत चारही लिफ्टा अशा नीट केल्या की त्यांचा आवाजसुद्धा येईना. तिथंच घोळ झाला. पुण्यात रोज बिघडणाऱ्या शंभर लिफ्टा असतात. इथं चार, त्या चारही ठणठणीत. माणसानं आपल्याच हातानं आपलं काम संपवलं.

मग ते माझ्या दुकानात येऊन बसू लागले. चहा यायचा. चहाबरोबर त्यांचा हिशोब सुरू व्हायचा, छोट्या गावात येण्यात काय मिळालं आणि काय गेलं याचा. त्याची त्यांची एक रीत होती. समोर लिफ्टचं बटण असल्यासारखं हवेत बोट दाबायचे.

"दूध धारेचं मिळतं. एक वर." बोट वर. "दूधवाला स्वयंपाकघरापर्यंत येऊन बसतो. एक खाली."

"हवा चांगली, एक वर. लाइट जाते, एक खाली."

"लाइट जाणार म्हणून आधी कळतं तरी का?" मी विचारायचो.

"नाही. म्हणजे दोन खाली."

पुण्यात त्यांच्या शेजाऱ्यानं अकरा वर्षांत नाव विचारलं नव्हतं. इथं तिसऱ्या दिवशी भाजीवालीनं मेथीची जुडी हातात देताना विचारलं, "दादा, लेकरंबाळं दिसंनात. कावून न्हाईत?" हे सांगून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी जुडी पिशवीत टाकून निघालो. पण तेव्हापासून बाई सिस्टरच्या पिशवीत रोज मूठभर कोथिंबीर जास्त टाकते." सिस्टर म्हणजे त्यांची बायको, सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं आणि त्यांनाही तीच सवय लागली होती.

"मग हे वर का खाली?" मी म्हणालो.

त्यांचं बोट बराच वेळ हवेतच राहिलं. "हे अजून मधेच अडकलंय," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी खाली धरली नाही. पुण्यात ह्याची धावाधाव दिवसभराची, तिची पाळी रात्रीची. दोघांची भेट दारात, एकाच्या पायात चपला चढताना आणि दुसऱ्याच्या उतरताना. इथं तिचा दवाखाना दहा मिनिटं चालत. संध्याकाळी दोघं घरापुढच्या पायरीवर बसून भाजी निवडायचे. "ती भाजी निवडताना गुणगुणते," एकदा ते मला म्हणाले, एखादी चोरी सापडल्यासारख्या आवाजात. "मला सव्वीस वर्षांनी कळलं." बोटबीट काही दाबलं नाही.

पण संध्याकाळ सहाला होते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काय करायचं? माणसाला खायला होतं, प्यायला होतं, सिस्टरची नोकरी पक्की होती. कुणी हाक मारत नव्हतं एवढंच कमी होतं.

तसं गाव हाका मारत होतं, पण भलत्याच. पिठाची गिरणी बघा, रसवंतीचं यंत्र बघा, कुलर बघा. लिफ्टवाले हात जोडायचे. "वर-खाली जाणारं असेल तर सांगा. बाकीच्यातलं मला कळत नाही." कळत होतं. पण सुताराला चपला शिवायला सांगितल्यावर तो जसं बघेल तसं बघायचे.

उन्हाळ्यात चौसाळ्याकडचा एक शेतकरी दुकानात आला. हेडलाइटचा बल्ब घेता घेता त्यानं हे 'वर-खाली' ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले.

"माझी यारी वर-खालीच जाती की, साहेब! चला."

यारी म्हणजे विहीर खोदताना खालचे दगड वर काढायचं यंत्र. लोखंडी टोपलं, तारेचा दोर, वर डिझेलचं इंजिन. लिफ्टवाल्यांनी कधी पाहिलेली नव्हती. मीही बरोबर गेलो, कारण असली गंमत सोडून दुकानात बसणं हे माझ्या घराण्यात नाही. विहीर सत्तर फूट. टोपल्यातून दगड वर येत होते, आणि दगडांच्या मागोमाग त्याच टोपल्यातून बिडी ओढत दोन माणसं वर आली.

"थांबवा!" आमच्या माणसानं जी बोंब ठोकली, तिनं इंजिन आपोआप बंद पडलं असं मी सांगतो. खरं तर ऑपरेटरनं घाबरून बंद केलं. लिफ्टवाले दोरावर रुमाल फिरवत होते आणि रुमालाला तारा अडकत होत्या. "ह्याच्यावर माणसं? ह्याच्यावर? किती दिवस?"

"दोन वर्सं झाली की. काय न्हाई होत साहेब, सवय हाय आमाला."

"तुम्हाला आहे. दोराला नाही."

दिवसभर ते त्या विहिरीच्या काठावर होते. माणूस पाठवून बीडहून नवा दोर आणवला, ब्रेकचा पट्टा बदलला, मग आधी दगड भरून टोपलं दहा वेळा वर-खाली केलं, आणि शेवटी कुणी काही बोलायच्या आत स्वतः टोपल्यात बसून सत्तर फूट खाली गेले. वर आले तेव्हा केसापासून बुटापर्यंत मुरमाच्या धुळीनं लाल, आणि चेहरा असा की नुकतं लग्न ठरलंय. परतताना जीपमध्ये ते एकटेच बोलत होते. मला, मला, तोंड उघडायला जागा मिळाली नाही. माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा, असं आयुष्यात एकदाच घडलंय.

पुढच्या दोन महिन्यांत पाच-सहा गावांनी त्यांना बोलावलं. पार चकलांब्याकडून जीप आली. मग आभाळ भरलं, विहिरींना पाणी लागलं, याऱ्या झाकून ठेवल्या गेल्या. लिफ्टवाले पुन्हा माझ्या दुकानात. चहा येत होता. बोट क्वचितच वर जात होतं.

पोळ्याच्या सुमारास पुण्याहून फोन आला. जुन्या कंपनीला अनुभवी माणूस हवा होता. दिवाळीच्या आत काय ते कळवा.

"सिस्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणाली, तुम्ही ठरवा."

ठरेना. तिकडं काम, इकडं संध्याकाळ. दोन्ही एका गावात मिळेना. आठ-पंधरा दिवस ते माझ्यासमोर बसून चहा गार करत राहिले.

मग मी ठरवलं. म्हटलं, ह्या माणसाला गावात ठेवायचं. चारही लिफ्टवाल्यांना, म्हणजे मालकांना, गोळा केलं आणि बेत आखला. आठवड्याला एकेकानं लिफ्ट बिघडवायची. फार नाही, फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि बोंब मारायची. एवढीशी गोष्ट! सगळे तयार झाले. आमच्या गावात चांगल्या कामाला माणूस कमी पडतो, पण लबाडीला कधी नाही.

पहिल्या आठवड्यात कापड दुकान बिघडलं. लिफ्टवाले पिशवी घेऊन पळत गेले, शीळ घालत परत आले. दुसऱ्या आठवड्यात मंगल कार्यालय. तिसऱ्यात लॉज. लॉजच्या मॅनेजरनं फोनवर पाठ केलेलं सगळं बरोबर सांगितलं: लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली, गिऱ्हाईक खोळंबलं, लवकर या. फक्त लिफ्ट वर पाठवायची तेवढी राहून गेली.

मी मजा बघायला मागोमाग गेलो होतो. लिफ्ट तळमजल्यावर, दार सताड उघडं.

"दुसऱ्या मजल्यावर अडकली म्हणालात ना?"

"व्हय. वरच अडकली हाय."

"मग ही काय आहे?"

मॅनेजरनं लिफ्टकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आत्ता उतरली," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. लिफ्टवाले हसले नाहीत. मॅनेजरच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून फ्यूज आरपार दिसत होता. त्याच्याकडं एकदा बघून त्यांनी नजर फिरवली. पिशवी उघडली. तासभर त्यांनी ती न बिघडलेली लिफ्ट साफ केली, तेल दिलं, दाराचे स्क्रू आवळले. मग हात पुढं केला. मॅनेजरनं गुपचूप फ्यूज काढून दिला, त्यांनी तो जागेवर बसवला, लिफ्ट एकदा वर नेली आणि खाली आणली.

दुकानात आल्यावर त्यांनी चहा मागवला नाही. मीही नाही, बघा म्हणजे किती गंभीर प्रसंग असेल.

"सव्वीस वर्षं लोकांनी मला शिव्या देऊन बोलावलं," ते म्हणाले. "एक आजी दोन तास आत अडकल्या होत्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मला छत्री मारली. पण लाडानं कुणी कधी बोलावलं नव्हतं."

"चुकलं आमचं."

"चुकलं नाही. लई चांगलं केलंत तुम्ही." त्यांच्या तोंडी आमचा 'लई' मी पहिल्यांदा ऐकला. "माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. पण मालक, मला ते सोसणार नाही."

दसरा व्हायच्या आत ते पुण्याला गेले. सकाळची गाडी होती. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी. मी, चौघं मालक आणि शिवणक्लासच्या मावशी स्टँडवर होतो. मावशींनी बेसनाचे लाडू दिले. सिस्टर ड्युटीवर होती. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. ते गाडीचं दार बघत होते, ते नीट मिटत नव्हतं.

गावाचं ठरलं होतं की आता पंधरा दिवसांत सिस्टरही जाणार. कुणी त्यांच्या घराला गिऱ्हाईक बघायला लागलं, कुणी त्यांच्या फ्रिजवर डोळा ठेवला. माझ्या मनाला लागलं होतं. ह्या माणसाला मी ठेवायला गेलो आणि मीच घालवला. निदान सामान तरी आपण नीट पोचवू, असं म्हणून मी ओळखीच्या टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं.

चार दिवसांनी संध्याकाळी सिस्टर भाजीवालीपाशी भेटली. मेथी घेत होती, एकच जुडी. भाजीवालीनं न विचारता पिशवीत कोथिंबीर टाकली.

"सिस्टर," मी म्हणालो, "टेम्पोची काळजी करू नका. माझा माणूस हाय, काचेचं सामान असं नेतो की भांड्याला कळतसुद्धा नाही गाव बदललं म्हणून. फक्त तारीख सांगा. पुण्याला कधी निघायचं?"

तिनं जुडीला बांधलेली दोरी सोडली, दोन पिवळी पानं काढून टाकली.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "मला इथं बरं वाटतं."