हीट चालू असताना

काका खुर्चीत बसले की हलत नसत. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या पडद्यावर, आणि तसेच तासन्‌तास. वैशाली नगरात त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना असं पाहिलं आणि घाबरून काकूंना हाक मारली. काकू हसल्या. म्हणाल्या, “काही झालं नाही वं त्याईले. हीट चालू आहे.”

काकांचं सारं आयुष्य प्लांटमध्ये भट्टीवर गेलं. भट्टीत एका वेळी जेवढं पोलाद शिजतं त्याला तिथं हीट म्हणतात. रिटायर झाल्यावर ते लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी कंप्यूटरमध्ये उतरवून द्यायला लागले. कंप्यूटर मुलाचा, त्यानं कॉलेजात असताना घेतलेला आणि पुण्याला नोकरीला जाताना इथंच टाकून गेलेला. डबा पिवळा पडलेला, एका बाजूचा पत्रा काढलेला, आणि त्या उघड्या बाजूवर टेबलफॅन लावलेला. कॅसेट आत उतरवणं सोपं होतं. ती चालते तेवढा वेळ. खरा वेळ पुढं लागे, कारण ते सगळं बारीक करून मोबाईलवर चालेल असं बनवायचं काम कंप्यूटर करत बसे. त्यालाच काका हीट म्हणत.

सकाळी लावलेली हीट दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळीही चालूच असायची. मला धक्काच बसला. मी काकांशी बोलत नसे, लाज वाटायची, म्हणून काकूंना हळूच म्हणाले, “बाप्पा! लग्न एका दिवसात लागलं, अन् हे दोन दिवस घेऊन राहिलं?”

“याईच्या कंप्यूटरपेक्षा माहे पापड लवकर वाळतात,” काकू मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या.

आतून आवाज आला, “पापड एकदाच वाळते. हे दोनदा फिरते. पहिल्यांदा सगळं पाहून घेते, दुसऱ्यांदा लिहिते. भट्टीचं झाकण मधातच उघडाले नाही जमत.”

हीट चालू असताना घरात मिक्सर नाही, इस्त्री नाही, मोठ्यानं बोलणं नाही. लाईट गेली तर सारं पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टरवर फक्त कंप्यूटर. बाहेर सगळं घर घामानं भिजलेलं आणि आत त्या डब्याला दोन पंख्यांची हवा. इकडच्या हिंदीत वाढलेला मुलगा फोनवर म्हणायचा, “बाबा, नया ले लो ना, जेवण होईपर्यंत काम होते.” काका म्हणायचे, “नवीन मशीन घाई करते. घाईचं पोलाद तडकते.”

आंघोळीला जाताना मात्र ते मला पडद्यासमोर बसवून जात. “चौथी झाली ना तुई? आकडे वाचता येतात ना? मंग झालं.” पडद्यावर उरलेला वेळ दिसायचा. एकदा मी बसले आणि तो आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. चारचा पाच झाला, पाचाचा सात. माझ्या हातून काही दाबलं गेलं असं वाटून मला रडूच आलं. काका ओल्या केसांनीच आले, पाहिलं आणि हसले. “वरात आली असंन. लोक नाचले का याले घाम फुटते. जेवढं हलणं तेवढं काम. भटजी बसला का पाह्य कसा पळते.” खरंच, थोड्या वेळानं आकडा भराभर उतरला.

माझ्या लग्नाची कॅसेट ट्रंकेत साडीत गुंडाळून होती. लावायला यंत्र नव्हतं, म्हणून लग्नानंतर कधी पाहिलीच नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझे बाबा गेले. त्यांचा आवाज त्या कॅसेटीशिवाय कुठंच उरलेला नव्हता. काकांना सांगायची हिंमत मला झाली नाही, ते काकूंनी सांगितलं. काका रागावले. “इतके वर्ष कावून नाही सांगितलं? बुरशी लागली असंन आता.” लागलीच होती. काकांनी फीत कापसानं पुसत पुसत कशीबशी एकदा चालवली, आणि शेवटाकडं येऊन ती यंत्रातच तुटली. पण तोवर सगळं आत उतरलं होतं. “तुहे बाबा पाहिले मी,” काका म्हणाले. “मांडवाच्या खांबाजवळ उभे आहेत. हलतच नाहीत. त्याईचा भाग लवकर होईन.” मी पाहायला मागितलं तर म्हणाले, “शिजू तर दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि काकू व्हरांड्यात गहू निवडत होतो. आत हीट चालू, म्हणून आम्ही कुजबुजत होतो. जामुलच्या सिमेंट कारखान्यात माझ्या नवऱ्याची ड्युटी बदलली होती, त्याचंच काहीतरी बोलणं चाललं होतं. काकू चहा ठेवून आल्या. “बसले तपश्चर्येले,” म्हणाल्या. आम्ही आणखी एक सूप निवडलं. मग त्या कप आणायला गेल्या आणि कप न घेताच परत आल्या. दारात उभं राहून मला म्हणाल्या, “तू पाहून ये बरं.”

मी आत गेले. आधी माझी नजर पडद्यावर गेली, का ते मला आजही कळत नाही. पट्टी पुढं सरकत होती. मग काकांकडं पाहिलं. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर, रोजच्यासारखे. चहावर साय धरली होती. मी खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झाला. म्हणजे आम्ही कुजबुजत होतो तेव्हाच ते गेलेले होते. आवाजानं ज्यांना त्रास होईल म्हणून जपत होतो, ते ऐकायला नव्हतेच. हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. अजूनही पुरतं शिरलेलं नाही.

मुलगा विमानानं येणार होता, म्हणून बर्फाची पेटी आणली. पेटीला लाईट लागते. शेजारचे एक भाऊ कंप्यूटरची पिन काढायला वाकले आणि मी ओरडले, “काढू नका!” परपुरुषासमोर माझा आवाज आजवर निघाला नव्हता. सगळं घर माझ्याकडं पाहायला लागलं.

“भाभी, यहाँ मिट्टी पड़ी है और आपको कंप्यूटर की लगी है?”

पिन निघाली असती तर सारं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि ते करणारा माणूस खाली चटईवर होता. काकूंनी भिंतीला टेकलेलं डोकं उचललं. “राहू द्या ते. पेटीची तार सैपाकघरातून घ्या. त्याईनं लावलेली हीट आहे.”

संध्याकाळी मुलगा आला. तो पायावर डोकं ठेवून रडत होता, खोलीत बाकी कोणाचा आवाज नव्हता, आणि आतून ‘टिंग’ झालं. हीट संपली की व्हायचं तसंच. सगळे दचकले. काकूंनी सवयीनं पेटीकडं वळून विचारलं, “उतरली का हो?” आणि मग त्यांच्याच लक्षात आलं.

तेरवी झाल्यावर मुलानं माझ्या मोबाईलमध्ये ते लग्न टाकून दिलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत आलंसुद्धा. बाबा खांबाजवळ उभे आहेत. कॅमेरेवाला जवळ जातो तर म्हणतात, “मले नोको घेऊ गा, जेवणाऱ्यायले घे.” तेवढंच. मी ते रोज ऐकते.

काकू आता पुण्याला मुलाकडं असतात. मुलगा घरूनच काम करतो, दिवसभर कंप्यूटरसमोर, कानात बोळे घालून. काकू मला फोन करतात, तेव्हा अजूनही कुजबुजतात. मागच्या वेळी बोलता बोलता थांबल्या. “थांब वं, पाहून येते,” म्हणाल्या. पावलांचा आवाज गेला, लांबून मुलाचा चिडका आवाज आला, “आई, फिर से? क्या है?” काकू परत आल्या.

“दिवसातून किती खेपा जाता?” मी विचारलं.

“मोजत नाही. खांद्याले हात लावते फक्त. चिडते तो.” फोनवर त्यांचा श्वास ऐकू आला. “चिडला का मंग मले बरं वाटते.”