शेजारी बसणाऱ्या सावित्रीबाई

सावित्री आगाशे मुंबईत एका विमा कंपनीच्या संगणक विभागात तीस वर्षं होत्या. भोकं पाडलेली कार्डं मशीनला भरवायच्या काळापासून त्यांनी प्रोग्रॅम लिहिले. लग्न केलं नाही. २००२ साली निवृत्त झाल्या आणि रत्नागिरीला माळनाक्याजवळ दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये येऊन राहिल्या. भाची उर्वी अमेरिकेत, तिला मेल करायला त्या आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जायच्या.

मथुरा शिवलकर त्यांना तिथेच भेटली. मासेमारी करणाऱ्या खारव्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली, बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत कारकून. इंटरनेटवरच्या एका फुकटच्या कोर्सवरून ती प्रोग्रॅमिंग शिकत होती. चोवीस धडे, प्रत्येकाच्या शेवटी दहा प्रश्न. तिचे सगळे बरोबर आले होते. तरी ती अर्धा तास रिकाम्या पडद्याकडे बघत बसलेली सावित्रीबाईंनी पाहिली.

"काय गं, कुठे अडलंय?"

"अडायला सुरू तरी व्हायला हवं ना, मावशी! धड्यात सांगतात तसं सगळं येतं. माझं मी लिहायला बसले की हात गार पडतात."

"पण लिहायचंय काय तुला?"

कुठली होडी कधी गेली, कधी परत लागली, हे सोसायटीत वहीत लिहीत. घरची माणसं फोन करून विचारत, मग पानं उलटत बसायचं. मथुरेला ते कॉम्प्युटरवर आणायचं होतं.

"मग आधी तो बंद कर," सावित्रीबाई म्हणाल्या. "कागद घे. फोन कोण करतं? काय विचारतं? तेवढंच लिही."

तेव्हापासून मथुरा दर रविवारी सकाळी माळनाक्यावर येऊ लागली. चारच रविवारांत तिचा पहिला प्रोग्रॅम सोसायटीत चालू लागला. पण सावित्रीबाईंची प्रोग्रॅमिंगची भाषा जुनी. मथुरेच्या नव्या व्हिज्युअल बेसिकमधलं काही विचारलं की त्यांना "मला नाही गं माहीत" म्हणावं लागे. शेवटी एकदा मथुराच सहज म्हणाली, "राहू दे मावशी, नेटवर लगेच मिळतं." पुढे तिचं येणं कमी झालं आणि मग थांबलं. पोरीचं बरोबरच आहे, असं सावित्रीबाईंनी मनाला समजावलं. तरी रविवारी सकाळी त्या बाहेर पडत नसत, आणि पोहे दोघींपुरते भिजवत.

जानेवारीतल्या एका दुपारी मथुरा दारात उभी राहिली ती रडतच.

आदल्या दिवशी गोदाकाकीचा फोन आला होता. तिचा नवरा सागरकन्या होडीवर. मथुरेने नाव टाकलं, पडद्यावर 'आली' दिसलं, तिने तसं सांगितलं. गोदाकाकी जेट्टीवर गेली, तर नवरा कुठेच नाही. होडी आली आणि माणूस आला नाही, याचा दर्यावर्दी घरात एकच अर्थ होतो. ती जेट्टीवरून हलेना. संध्याकाळी उलगडा झाला. आलेली सागरकन्या जयगडची होती. गोदाकाकीच्या नवऱ्याची होडी इंजिन बिघडल्याने मागे राहिली होती. आज सकाळी ती सुखरूप लागली.

"सगळे प्रश्न बरोबर आले होते माझे," मथुरा हुंदके देत म्हणाली. "एका नावाच्या दोन होड्या असतील, हे कुठल्या धड्यात नव्हतं वो! मी हे सोडून देणार."

सावित्रीबाईंनी तिला पाणी दिलं. मग आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या प्रोग्रॅमने धडधाकट माणसाच्या बायकोला 'आपल्या पतीच्या निधनाबद्दल' असं पत्र पाठवलं होतं. "आमचे कर्णिक साहेब रागावले नाहीत. मला बसमध्ये घालून त्या बाईंच्या घरी घेऊन गेले. माफी मी मागितली, ते नुसते शेजारी बसून होते. परत आल्यावर माझ्याबरोबर प्रोग्रॅमची ओळन् ओळ वाचली." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल."

गोदाकाकी अंगणात सुकट पसरत होती. मथुरेने कशीबशी माफी मागितली. सावित्रीबाई पायरीवर बसून राहिल्या. गोदाकाकीने हातातली सुकट पसरून संपवली. मग म्हणाली, "तुझ्यावर राग नाय गो. पण खातरी नसंल तर नाय माहीत म्हण. नाय माहीत ऐकून माणूस मरत नाय." आणि चहा टाकायला आत गेली.

त्याच संध्याकाळी दोघी सोसायटीत बसल्या. होडीच्या नावाऐवजी तिच्या नोंदणीच्या नंबरावरून कसं शोधायचं, हे मथुरेने नेटवर पंधरा मिनिटांत मिळवलं. सावित्रीबाई बाजूला बसून विचारत राहिल्या. नंबर चुकीचा टाकला तर? होडी आली पण नोंद करायची राहिली तर? फोन करणाऱ्या बाईला नंबर माहीतच नसला तर? शेवटच्या प्रश्नाला मथुरा डोळे पुसत हसली. "मग होडी चालवणाऱ्या तांडेलाचं नाव विचारायचं. बंदरावर ते सगळ्यांना ठाऊक असतं."

"बघ, हे मला नव्हतं सुचलं," सावित्रीबाई म्हणाल्या. मग जरा संकोचूनच त्यांनी विचारलं, "तुझा तो कोर्स मला शिकवशील? पहिल्या धड्यापासून?"

पहिल्याच धड्यात त्यांचे दहापैकी चार चुकले. मथुरेने शाळेतल्या बाईंसारखं कारण समजावलं, आणि साठीच्या सावित्रीबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

दोन वर्षांनी मथुरेला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत कोर्सबद्दल कोणी फारसं विचारलं नाही, होड्यांबद्दल मात्र पाऊण तास विचारलं. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर तिचे आईवडील होते, आणि जरा मागे सावित्रीबाई. मथुरेने त्यांना वाकून नमस्कार केला. एरवी कोणाला जवळ न घेणाऱ्या त्या बाईंनी तिला पोटाशी धरलं.

"पोचलीस की फोन कर," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेल्यावरही त्या उभ्याच होत्या. मग मथुरेची आई जवळ आली. "चला, बाई, आज आमच्याकडेच जेवायला," असं म्हणून तिने त्यांचा हात धरला.