रमाकांताचा अँटेना

रमाकांताचा अँटेना मी फिरवला. वाऱ्याने नाही, माकडांनी नाही, गावच्या राखणदार भुताने, देवचाराने, तर मुळीच नाही. (त्या बिचाऱ्यावर तेव्हा बरेच आळ आले.) मी, म्हणजे रमाकांताचा थोरला चुलतभाऊ, कुटुंबाचा कर्ता पुरुष, भर दुपारी, सगळे पार्से गाव जेवून आडवे झालेले असताना त्याच्या मागीलदारी गेलो आणि हे पुण्यकर्म उरकून आलो.

मला दोष देण्यापूर्वी (द्या, सवय आहे) आधीची हकिगत ऐका. गोवा राज्य झाले होते, कोकणी राजभाषा झाली होती आणि पणजीकडून टीव्हीच्या लहरी आमच्या पेडण्यापर्यंत येऊ लागल्या होत्या. येऊ लागल्या म्हणजे रमाकांताकडे येऊ लागल्या! त्याचे घर टेंबावर, माझे खाली ओहोळाशी, मध्ये डोंगराची सोंड. तिला आपटून लहरी माझ्या घरी पोचत तेव्हा अगदी दमलेल्या असत. बातम्या देणारी एकच बाई आमच्याकडे तिघी होऊन यायची आणि तिघींच्या अंगावर मुंग्या चालत असायच्या.

खरे म्हणजे वाडीवर टीव्ही पहिला मी आणला. मोठा, लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा! रमाकांताने मागाहून आणला तो माझ्या निम्मासुद्धा नव्हता. पण त्यात चित्र होते. संध्याकाळ झाली की सारी वाडी माझ्या दारावरून चढण चढून त्याच्याकडे जायची. एके दिवशी बघतो तर माझी आई बसायचा पाट काखेत मारून निघालेली.

"आई, आपल्याकडे टीव्ही आहे ना?"

"आसा रे. पूण तो बघूक नाय, दाखवूक."

मागोमाग माझी बायको सुमती. ती म्हणाली, "आईंना अंधारात एकट्या कशा पाठवू?" (बाहेर लख्ख ऊन होते.)

मी कौलांवर चढून आमचा अँटेना किती वेळा फिरवला याला गणती नाही. वरून मी ओरडायचे, "इलां?" खालून सुमतीने ओरडायचे, "इलां, इलां... गेलां!" पुढे पुढे ती न बघताच "गेलां" म्हणू लागली.

रमाकांताच्या घरात ही भानगडच नव्हती. त्याने अँटेना बसवताना देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले होते. आमच्याकडे विहीर खणायची असो की लग्न ठरवायचे असो, आधी देवाच्या कानावर घालतात. गावकर मोठ्याने मागणे मागतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. रमाकांताला उजवी पडली, अँटेना बसला, चित्र आरशासारखे आले. तेव्हापासून त्या अँटेनाला बोट लावायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. माझा अँटेना गाऱ्हाण्याशिवायच चढला होता. (मी तेव्हा गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो आणि माझा विज्ञानावर विश्वास होता.)

अशात रमाकांताची मुलगी वैशाली शाळेच्या फुगडीच्या पथकातून पणजीला गेली. तिथे त्यांची फुगडी टिपून घेतली आणि रविवारी संध्याकाळी ती टीव्हीवर दाखवणार असे ठरले. आमच्या वाडीचे माणूस टीव्हीवर! रमाकांत स्वतः बोलावणे घेऊन आला.

"भाई, आयतवारी सगळ्यांनी आमच्याकडे या हां. तुमच्याकडे काय दिसणा नाय, म्हणान मुद्दाम सांगूक इलंय."

त्याच्या मनात काही नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. म्हणूनच जास्त झोंबले. कुत्सितपणे बोलला असता तर निदान भांडता आले असते!

माझा बेत साधा होता. अँटेना थोडासाच फिरवायचा. रमाकांताकडेही मुंग्या आल्या, एक संध्याकाळ सारी वाडी आपापल्या घरी बसली, की माझा जीव थंड होणार. मग रविवारी सकाळी सहज गेल्यासारखे करून मीच तो सरळ करणार आणि वर कौतुकही घेणार. म्हणून शनिवारी दुपारी गेलो आणि मागच्या भिंतीला बांधलेला बांबू पिळला. त्याची तार सैल झाली, बांबू हातातल्या हातात गर्रकन फिरला आणि पणजीकडे बघणारा अँटेना अरबी समुद्राकडे बघू लागला. तेवढ्यात आत कुणीतरी खोकले. मी पळालो.

संध्याकाळी टेंबावरून हाकाटी ऐकू आली, "मुंग्यो! मुंग्यो!" मी घरात बसून पोटभर जेवलो. इतकी चव बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

रविवारी सकाळी मी सहज गेल्यासारखा निघालो, तर रमाकांतच समोरून येत होता. हातात नारळ.

"भाई, चल देवळात. देवाक सांगून बसयल्लो अँटेना असो फिरता कसो? वारो नाय, पाऊस नाय! भिवा गावकार म्हणता, देवचाराचां कायतरी चुकलां. नायतर कोणाची तरी दिष्ट. तू घरातलो मोठो, नारळ तूच ठेवूक व्हयो."

"अरे, पण आधी जरा फिरवून बघू या..."

"देवाक इचारल्याबगर? तुका याड लागलां?"

गेलो. नारळ ठेवला. भिवा गावकर हा हातात जोर नसलेला पण आवाजात दहा माणसांचा जोर असलेला म्हातारा. त्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचो अँटेना तुझ्या हुकमान बसलो..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याका जर कोणी वाकड्या मनान हात लायलो आसात..."

"व्हय म्हाराजा!" (माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. घाबरलेल्या माणसाचा निघतोच.)

"तर त्याच्या टीव्हीत मुंग्यो घाल म्हाराजा!"

मी "व्हय" म्हटले आणि "म्हाराजा" घशातच राहिले. म्हणजे देवाने शिक्षा मला आगाऊच देऊन ठेवली होती. गुन्हा तेवढा मी मागाहून केला!

मग पाकळ्या लावल्या. भिवाने विचारले, "अँटेनाक हात लावूक हुकूम आसा?" सगळे टक लावून उभे. मी मनात म्हणत होतो, देवा, उजवी टाक, तुझ्या पाया पडतो, पाहिजे तर वाचनालयाचा राजीनामा देतो. बराच वेळ काहीच हलले नाही. आणि मग अगदी सावकाश, माझ्याकडे बघत बघत पडल्यासारखी, डावी पाकळी पडली.

झाले! आता तो बांबू सरळ करायला त्या घरातला एकही हात उठणार नव्हता. आणि तो नेमका कुणीकडे, किती पिळला की काम होते, हे वाडीत एकट्या मला ठाऊक.

दुपारी मी पुन्हा मागीलदारी जाऊन पाहिले. तिथे बायकांची जत्रा! फुगडीचा मान म्हणून पाहुण्यांसाठी चण्यांचा रोस, म्हणजे नारळाच्या वाटपाची आमटी, रटरटत होता, नारळ खवले जात होते, आणि नेमक्या त्या बांबूला पाठ टेकून माझी आई बसली होती.

"काय रे? काय व्हयां?"

"काही नाही. वास चांगला सुटलाय."

"मग खाऊक ये संध्याकाळी. आता हयसर काय शोधतंस?"

संध्याकाळी सारी वाडी जमली. चित्र नसले तरी आवाज येतो, तेवढा तरी ऐकू म्हणून. वैशाली पुढ्यात बसली होती. परकर-पोलका, केसांत अबोली, म्हणजे पणजीला नेसून गेली होती तसाच सगळा थाट. कार्यक्रम सुरू झाला. मुंग्यांच्या आडून मुलींचे गाणे आले, टाळ्या आल्या, फुगडीच्या फुंकारांचा आवाज आला. लोक माना लांब करून मुंग्यांत मुली शोधू लागले. वैशाली उठली आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी." मग बोट सरकवून म्हणाली, "नाय, ही... माका वाटता, ही मी." बोट तसेच काचेवर ठेवून उभी राहिली.

रमाकांताचा हेवा मी वर्षभर व्यवस्थित पोसला होता. त्या बोटापुढे तो टिकला नाही. मी उठलो, लोकांच्या पायांवर पाय देत मागीलदारी धावलो आणि बांबूला मिठी मारली.

"भाई! देवान नाय म्हटलां!" रमाकांत आतून ओरडला.

मी बांबू पिळला. आत एकदम इतका मोठा गिल्ला झाला की मांजर पळाले. "वैशाली! वैशाली! बघा गो, बाय आमची!" त्यात भिवा गावकराचा आवाज सगळ्यांच्या वर: "बघलास? देवान गाऱ्हाणां आयकलां!"

मी बांबू हळूच सोडून पाहिला. तार सैलच होती. खाडीवरून वारा आला, बांबू फिरला, आतून "हाऽऽय!" आले. मी पुन्हा घट्ट धरला. "इलां!" म्हणजे आता उभे राहणे आले. भिंतीकडे तोंड, पाठीवर रोसाच्या चुलीची धग. फुगडी रंगली होती, सुमतीच्या टाळ्या मला वेगळ्या ओळखू येत होत्या, आणि मला दिसत होती ती रमाकांताच्या भिंतीवरची पाल. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मनात आलेच: भिंतसुद्धा याचीच गुळगुळीत!

कार्यक्रम संपला आणि वैशाली धावत मागीलदारी आली. घामाने अबोली गळ्यावर चिकटलेली, तोंडभर हसू.

"काका, माका बघलास?"

"नाही गो."

"सगळ्यांनी बघलां! कित्याक नाय बघलास?"

तिच्या मागे रमाकांत येऊन उभा राहिला होता. तो माझ्याकडे बघत होता, बांबूकडे बघत होता, सैल तारेकडे बघत होता.

"भाई," तो सावकाश म्हणाला, "सगळो डोंगर, सगळो दर्या सोडून, खंय फिरवचो तां तुका एका झटक्यात कसां कळलां?"

माझ्यापाशी विज्ञानातली दोन-तीन उत्तरे होती. पण समोर ती मुलगी होती.

"कारण काल दुपारी तो मीच फिरवला," मी म्हणालो. "तुझ्याकडे चित्र येते, माझ्याकडे येत नाही, म्हणून. बाय, तुझी फुगडी मी बुडवली असती. रमाकांता, चुकलो. मला माफ कर."

हात जोडावेत म्हणून मी बांबू सोडला. आतून वाडी एका आवाजात किंचाळली. रमाकांताने पुढे होऊन माझे दोन्ही हात धरले आणि बांबूवर परत नेऊन ठेवले.

"माफी मागसून माग," तो म्हणाला. "आता बातम्यो आसत."