लुंग प्रायूनचे चाळीस पौंड

लोमकाओ गावाहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रायूनचं गॅरेज आहे. गाव त्याला लुंग म्हणतं, म्हणजे काका. त्याच्याहून वयाने मोठी माणसंही लुंगच म्हणतात, कारण ज्याच्या हातात आपलं इंजिन आहे त्याला पुतण्या म्हणायची कोणाची छाती होत नाही. माणूस मितभाषी. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर गोड चिंचांची थाळी सरकवतो, स्वतः एक सोलतो आणि ती चघळत इंजिन ऐकत उभा राहतो. बॉनेट उघडायच्या आधी हात जोडतो. प्रत्येक गाडीत मे यानांग राहते, ती गाडीची देवी, आणि तिच्या घरात न विचारता शिरू नये, एवढी रीत आमच्याकडे दारुडाही पाळतो.

वर फू थाप बेक डोंगराच्या उतारावर कोबी पिकतो आणि पाच-सहा तासांवर रांगसितच्या मोठ्या बाजारात तो विकला जातो. मधल्या रस्त्यावर आमचे ड्रायव्हर जगतात. एक टनाच्या पिकअपवर लोखंडी पिंजरा चढवायचा, त्यात तीन टन कोबी रचायचा आणि सुटायचं. पहिला पोचेल त्याचा कोबी ताजा आणि मागून येईल त्याचा शिळा, असा बाजाराचा न्याय. मग दोन्ही कोबी एकाच वाफ्यातले का असेनात. म्हणून सगळा जीव टर्बोत. टर्बो इंजिनाच्या छातीत दाबून हवा भरतो आणि तो दाब मोजायचा पौंडात. इतर ठिकाणी लोक भेटल्यावर जेवलास का म्हणून विचारतात, आमचे ड्रायव्हर आधी किती पौंड ते विचारतात.

प्रायूनचं म्हणणं सरळ होतं. कंपनी वीसच्या आसपास देते. अठ्ठावीसपर्यंत इंजिन हसत काम करतं, बत्तीसला कुरकुरतं आणि चाळीसला वरचं हेड खालच्या ब्लॉकपासून सुटायला बघतं. शर्यतीच्या गाड्या पन्नास पौंड सोसतात हे खरं, पण दहा सेकंद. मग त्यांना पुसून ताडपत्रीखाली ठेवतात. कोबीच्या गाडीला तोच दाब घेऊन अर्धा देश ओढायचा असतो. तुटेपर्यंत ताणू नये हे पोरालाही कळतं. पण ड्रायव्हरला सांगून बघा.

त्याने सांगून बघितलं होतं. त्याचा मेहुणा बुनमी हट्टाने चाळीस लावून घेऊन गेला. पेचाबूनच्या पुढच्या उतारावर पिस्टनचा दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला, सगळं तेल रस्त्यावर सांडलं आणि गाडीची मागची चाकं स्वतःच्याच तेलावरून घसरली. बुनमीला तिथून आणला तो पांढऱ्या कापडात. दाब वाढवणारा नट प्रायूननेच फिरवला होता. बायकोने, म्हणजे बुनमीच्या बहिणीने, त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही.

तेव्हापासून त्याने वाद घालणं सोडलं. कोणी चाळीस मागितले की तो मान डोलवायचा, टर्बोचा दाब अठ्ठावीसवर बांधायचा आणि दाबाच्या काट्याकडे जाणाऱ्या तारेत फुटाण्याएवढा एक तुकडा जोडून द्यायचा. काटा चाळीस दाखवायचा. वर तो एवढी काळजी घ्यायचा की गाडी उचल घेताना थोडं डिझेल जास्त जावं, म्हणजे काळा धूर सुटेल. धूर दिसला की गडी खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा कितीतरी गाड्या आमच्या रस्त्याने धावत होत्या, आणि एकाही ड्रायव्हरला संशय आला नाही, कारण चाळीस पौंडांचा ड्रायव्हर चाळीस पौंडांच्या रुबाबात चालवतो.

सगळ्यांत रुबाबात चालवायचा ताओ. ताओ म्हणजे कासव. हे नाव त्याच्या आईने ठेवलं, आणि जन्मभर त्याने जणू आईला खोटं पाडायचंच व्रत घेतलं. शेजारच्या सीटवर बायको लाम्याई, पायाशी चिकट भाताची टोपली, काचेला मे यानांगसाठी मोगऱ्याचा हार. बाजारात पहिला येणारा बहुतेकदा तोच. "लुंगच्या हातचे चाळीस आहेत," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

मग देवळाच्या जत्रेत ती भानगड झाली. लोमसाकच्या बीम नावाच्या तरुण मेकॅनिकने पटांगणात फिरते रूळ मांडले होते. चाकं रुळांवर चढवायची, गाडी जागच्या जागी पळवायची आणि ताकद मोजायची. वर बीम स्वतःचं दाबाचं यंत्रही जोडायचा. ताओ छाती काढून गाडी चढवायला पुढे झाला. त्याच्या काट्याने चाळीस दाखवले. बीमच्या यंत्राने दाखवले अठ्ठावीस. बीमला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून बिचाऱ्याने तीनदा मोजलं, आणि तीनही वेळा सगळ्या जत्रेने ते पाहिलं. कोणीतरी मागून म्हणालं की कासवाला कासवाचीच गती. लोक पोट धरून हसले. त्याच दुपारी दुसऱ्या चार गाड्या तपासल्या, त्यांचीही तीच कथा निघाली, तेव्हा हसणाऱ्यांतले चार कमी झाले.

ताओ गॅरेजमध्ये आला तेव्हा प्रायूनला बातमी पोचली होती. ओरडाआरडा झाला नाही. ताओ थाळीकडे न बघता बाकावर बसला. प्रायून म्हणाला की चार वर्षं तू पहिला येतोयस तो अठ्ठावीसवरच येतोयस. त्याला वाटलं होतं या एका वाक्याने तरी ताओ वितळेल, पण माणूस असा वितळत नाही.

"ते मला माहीत असतं तर मी पहिला आलो असतो का, लुंग?" ताओ म्हणाला. "घाटात काटा चाळीसला टेकला की मला वाटायचं, आपल्याला कोण अडवणार. तुम्ही मला कुक्कुलं बाळ समजलात. बुनमीसारखं मरायचं असेल तर मरीन मी. तो माझा प्रश्न आहे, तुमचा नाही."

प्रायूनला हे लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. त्याने वयाने लहान असलेल्या ताओसमोर हात जोडले. आमच्याकडे हे सहसा होत नाही. मग तो ताओच्या गाडीत चढला, हाराला हात लावला आणि मे यानांगची शपथ घेतली की यापुढे कुठल्याही गाडीचा काटा खोटं बोलणार नाही. तारेतला तुकडा काढून ताओच्या तळहातावर ठेवला. ताओ तसाच गाडी घेऊन बीमकडे गेला आणि खरे चाळीस लावून आला.

त्याच्यामागे बाकीचे गेले. प्रायूनच्या दारात उरले भाताच्या शेतातले पंप आणि शाळेची जुनी व्हॅन. तो चिडला नाही. बीमने गैर काही केलं नव्हतं; मागेल त्याला मागेल ते द्यायचं, हाच धंद्याचा धर्म. प्रायून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचा. चाळीसचा आवाज वेगळा असतो. तो ऐकू आला की त्याचा चिंच सोलणारा हात थांबायचा.

एके दिवशी भर दुपारी, ड्रायव्हर लोक झोपलेले असतात त्या वेळी, लाम्याई एकटीच गाडी घेऊन दारात आली. नवऱ्याला तिने गाडी धुवून आणते म्हणून सांगितलं होतं. तिने बॉनेट उघडलं आणि पाण्याच्या डब्याकडे बोट केलं. डबा काठोकाठ, बाहेर पाणी उडाल्याच्या खुणा. प्रायूनने हात जोडले, मग पाण्याचा पाइप दाबून पाहिला. पाइप दगडासारखा घट्ट. हेड सुटायला लागलं होतं. इंजिनातला जाळ पाण्यात शिरत होता.

त्याने ताओला सांगायला सांगितलं.

"सांगितलं. म्हणतो, पाणी काय फुकट मिळतं, ओतत राहायचं."

"मी बोलू?"

"तुमचं तो ऐकणारंय का आता? लुंग, तुम्ही त्याला पूर्वीसारखा करा. अठ्ठावीस. आणि काटा चाळीसवर."

प्रायूनने शपथेची आठवण करून दिली. याच गाडीत, याच हारासमोर घेतली होती. लाम्याईने ऐकून घेतलं. तिला शपथ ठाऊकच होती, ती तेव्हा शेजारच्या सीटवर बसलेली होती.

"शपथ तुम्ही त्याच्यापाशी घेतलीत," ती म्हणाली. "तो म्हणाला, मरणं हा त्याचा प्रश्न. त्या दिवशी कोणी माझ्याकडे बघितलंच नाही. गाडीत मी पण असते, लुंग."

प्रायूनने टर्बोवरची काजळी फडक्याने पुसली. त्याला बुनमी आठवला असेल, बायकोचं गप्प राहणं आठवलं असेल. त्याने कधी सांगितलं नाही. एवढं खरं की तो गाडीत चढला, देवीपुढे डोकं टेकून काहीतरी पुटपुटला आणि पाना घेऊन आला. खोटं ते खोटंच, मी त्याला खरं म्हणणार नाही. पण असं खोटं देवीला आधी सांगून कुठला खोटारडा करत नसतो.

महिन्याभराने ताओची गाडी गॅरेजसमोर थांबली. कोबी भरलेला, इंजिन चालू. तो खाली उतरला, बऱ्याच दिवसांनी त्याने थाळीतली चिंच उचलली आणि म्हणाला की पाणी उडायचंही आपोआप बंद झालं, इंजिन आता दाबाला सरावलं.

"ऐकताय ना आवाज? हे खरे चाळीस, लुंग. फरक कळतो की नाही?"

प्रायूनने ऐकलं. अठ्ठावीस पौंड, एकसारखे, निवांत.

"कळतो," तो म्हणाला. "बीमचा हात चांगला आहे."

"तुमचं मी मनात ठेवलं नाही हां. झालं गेलं गंगेला मिळालं. तुम्हाला माफ केलं मी."

प्रायूनने मान झुकवून हात जोडले. सीटवर लाम्याई समोरच्या रस्त्याकडे बघत होती आणि तिने डोळे पुसले.